खिडकीतून रुमाल

एसटी स्टँडवर गाडी लागते न लागते तोच खिडकीतून आत रुमाल फेकणारा एक गडी असतोच. आतली माणसं अजून उतरायची असतात, पण याची सीट पक्की. मग सावकाश दारातून चढायचं आणि तिथे टेकलेल्याला विचारायचं, "रुमाल दिसत नाही का?" ही कला फक्त आपलीच, अशी माझी समजूत होती. अमेरिकेतल्या ओहायो राज्याने ती दूर केली.

24 फेब्रुवारी 2025, सोमवार. सिनसिनाटीजवळ विमानाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात उद्योजक विवेक रामस्वामींनी सभा घेतली आणि रिपब्लिकन पक्षाकडून गव्हर्नरपदासाठी उभं राहत असल्याचं जाहीर केलं. मतदान 3 नोव्हेंबर 2026 ला. कॅलेंडर काढून मोजलं, 617 दिवस भरले. सीटवर गव्हर्नर माइक डेवाईन बसलेलेच होते, आणि त्यांचा स्टॉप जानेवारी 2027 मध्ये होता.

आपल्याकडे 2024 ची विधानसभा 15 ऑक्टोबरला जाहीर झाली आणि 20 नोव्हेंबरला मतदान उरकलं. मुख्यमंत्री कोण, हे मात्र निकालानंतर अकरा दिवसांनी कळलं. पूजा झाल्यावर देव ठरवायची आपली पद्धत. तिकडे मंडप घालायच्या आधीच आरती सुरू.

सभेत नवं फारसं नव्हतं. ट्रम्प यांनी देशाचा आत्मविश्वास परत आणला, ओहायोचा मी आणतो, असा एकूण सूर. राज्याचा आयकर शून्यावर, शिक्षकांना गुणवत्तेप्रमाणे पगार. सरकार जितकं लहान तितकं बरं, हे या मंडळींचं जुनं तत्त्व. नको असलेल्या सरकारात शिरायला वीस महिने आधीपासून दारात उभं राहावं लागतं, ही त्यांची अडचण समजून घ्यायला हवी.

उमेदवाराची चिकाटी वादातीत आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये थेट राष्ट्राध्यक्षपदावर रुमाल टाकला. आयोवा राज्यातल्या पक्षांतर्गत मतदानात चौथे आले आणि जानेवारी 2024 मध्ये तो उचलला. मग ट्रम्प यांनी सरकारी खर्च कापायच्या कामावर मस्क यांच्या जोडीला नेमलं. नवं सरकार शपथ घेतं त्याच दिवशी हे त्यातून बाहेर! पहिली कपात स्वतःचीच करणारा असा निष्ठावंत विरळा.

मधल्या काळात, डिसेंबर 2024 मध्ये, त्यांनी अमेरिकनांना सुनावलं होतं की तुम्ही गणित ऑलिम्पियाड जिंकणाऱ्यापेक्षा शाळेतल्या नाचसमारंभाच्या, म्हणजे प्रॉमच्या, राणीचं कौतुक जास्त करता. आपल्या कुठल्याही घरात हे रोज वरण-भाताबरोबर वाढलं जातं आणि पोरं मुकाट गिळतात. तिकडे त्यांच्याच पक्षातले लोक खवळले. आईवडील केरळातून आलेले, तरी पोराला एवढं कळू नये? पाढे घरात म्हणून घ्यायचे असतात, मतदारांकडून नव्हे.

नुसता रुमाल टाकून भागत नाही, हेही खरं. शेजारच्या मिशिगनमध्ये आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार डेमोक्रॅटिक पक्षातून 2018 मध्ये गव्हर्नरपदासाठीच उतरले होते. रुमाल स्वखर्चाचा आणि चांगला लाखो डॉलरचा होता. पक्षांतर्गत मतदानात तिसरे आले.

कारण कंडक्टर ओळखीचा लागतो. रामस्वामींची सभा आटोपली आणि त्याच रात्री ट्रम्प यांनी पाठिंब्याचं तिकीट फाडलं. तेव्हा कळलं, सभा मतदारांसाठी नव्हतीच. ती होती दारात पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या इतर रिपब्लिकनांसाठी. त्यांत राज्याचे अॅटर्नी जनरल डेव्ह योस्ट होते, सगळ्यांत आधी रांगेत लागलेले. मे 2025 मध्ये राज्यातल्या पक्षानेही रामस्वामींच्या बाजूने कौल दिला आणि आठवड्याभरात योस्ट गाडीतून उतरले.

उमेदवार कोण असावा हे पक्षाच्या साध्या मतदारांनी ठरवायचं असतं. त्यासाठीच्या मतदानाची तारीख होती 5 मे 2026.