खुन्याची प्रदक्षिणा

दिवेलागण झाली की लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये जथेच्या जथे निघतात. पुढे गाइड, मागे मोबाइल सरसावलेले भाविक. दैवत जॅक द रिपर: १८८८ साली दहा आठवड्यांत पाच बायकांचे गळे चिरणारा आणि कधीच न सापडलेला. सापडला असता तर एवढी गर्दी झाली असती का, कोण जाणे.

मायटर स्क्वेअरला गाइड आवाज खाली आणतो, ‘इथेच बरं का!’ हॅनबरी स्ट्रीटवरच्या ज्या घरामागे खून झाला, ते कधीच पाडलंय, पण श्रद्धेला भिंती लागत नाहीत. पहिला बळी मेरी अ‍ॅन निकोल्स. निवाऱ्यातल्या खाटेचे चार पेन्स नव्हते म्हणून ती त्या रात्री रस्त्यावर होती. चार पेन्सांत आज या फेरीचं तिकीटही येत नाही.

केबल स्ट्रीटवर तर २०१५ मध्ये कमालच झाली. परवानगी मागितली होती ईस्ट एंडच्या स्त्रियांच्या इतिहासाच्या संग्रहालयासाठी. पडदा उघडला, तर पाटी रिपरची! लोक खवळले, निदर्शनं झाली. अर्ज अगदीच खोटा नव्हता म्हणा. बायका आत होत्याच, फक्त मेलेल्या.