छताचे काका

भोपाळच्या जवाहर चौकात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत एक गृहस्थ हटकून सापडतो. वल्लभ भवनातल्या सचिवालयातून निवृत्त, पायात सँडल, खिशात चष्म्याशेजारी टेस्टर. कोणाकडेही गेला की आधी छताकडे बघतो, मग यजमानाकडे. छत ठीक असलं तरच चहाला हो म्हणतो. या गृहस्थांना सगळे जण काका म्हणतात. काकांचे स्वतःचे काकाही त्यांना काकाच म्हणत असावेत.

काकांचे वडील 1956च्या राज्य पुनर्रचनेत नागपूरहून आले. जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूरला होती. ती भोपाळला हलली तशी सचिवालयातली कारकून मंडळी ट्रंका आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन निघाली आणि टीटी नगरच्या सरकारी क्वार्टरांत येऊन पडली. क्वार्टर लहान, पण स्लॅब सच्चा. स्लॅबमध्ये ओतलेला लोखंडी हूक, हुकाला पंखा, आणि घरात बाळ आलं की पाळणा. काका त्याच हुकाखाली वाढले.

मग स्मार्ट सिटी आली. आधी शिवाजीनगर-तुलसीनगरवर तिची नजर होती. तिथल्या लोकांनी विरोध केला, म्हणून 2016मध्ये ती टीटी नगरकडे वळली. क्वार्टर पडले, उंच इमारती उभ्या राहू लागल्या. आसपासच्या फ्लॅटांतही नूतनीकरणाचं वारं शिरलं आणि घरोघरी फॉल्स सीलिंग लागलं. काकांना विचाराल तर राजधानी हलली त्यापेक्षा हे स्थित्यंतर मोठं.

"अहो, हे छत नाही, छताचा देखावा आहे," असं म्हणून ते काठीने वर टकटक करतात. "साडेबारा मिलिमीटर! दोन कागदांच्या मध्ये जिप्समची भुकटी. आणि यावर तुम्ही विश्वास टाकता?"

विश्वास टाकणारे पुष्कळ असतात. समोरच्या घरातल्या भाच्याने गणपतीच्या आराशीला थेट बोर्डात स्क्रू पिळला. स्क्रू सुरेख बसला. तिसऱ्या दिवशी आरतीच्या टाळ्यांत आरास, स्क्रू आणि वाटीएवढं भगदाड पाडून सुटलेलं जिप्सम नैवेद्याच्या ताटात उतरलं. पोरांना वाटलं, मोदकांवर पिठीसाखर पेरली.

"कॅल्शियमच आहे," काका म्हणाले, "पण खाऊ नका."

तिथेच त्यांनी सभा घेतली. प्लास्टिकची गिट्टी भिंतीत फुगते आणि विटेला घट्ट धरते. बोर्डाच्या पाठीमागे नुसती पोकळी, तिथे ती धरणार कोणाला? हलकी वस्तू असेल तर बटरफ्लाय वापरा. भोकातून मिटून वर जातो, वर पंख उघडतो, आणि भार एका बिंदूवर न पडता पसरतो. त्याहून जड असेल तर बोर्ड ज्याला स्क्रूने धरलेला असतो तो पत्र्याचा सेक्शन शोधा. आणि एकदा पीठ झालेल्या भोकात पुन्हा स्क्रू घालणारा माणूस काकांच्या मते मतदानालाही नालायक.

सेक्शन शोधण्याची त्यांची रीत बघण्यासारखी आहे. जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून ते घोड्यावर चढतात आणि छतावरून फिरवतात. रंगाखाली लपलेल्या काळ्या स्क्रूचं डोकं आलं की चुंबक चिकटतं. पेन्सिलीने फुली. तशा फुल्या एका ओळीत आल्या की त्यांच्या वर सेक्शन आहे हे पक्कं. पुढची ओळ साधारण दीड फुटावर. या वेळी घोडा धरणाऱ्याने बोलायचं नसतं. डॉक्टर छाती तपासत असताना आपण गप्प बसतो तसं.

एलईडी लाइट खाली लोंबत असेल तर निदान ठरलेलं: स्प्रिंगच्या चिमट्याने भोकाची कड कुरतडली. मोठ्या कडीचा लाइट आणा, नाहीतर बोर्डावर आतून प्लायची चकती बसवा. घरमालक फेव्हिक्विक काढतो. काका डोळे मिटून घेतात.

मला वाटतं, नोकरीतला हिशेब ते इथे चुकता करतात. ज्यांच्या टेबलावर एकेक प्रकरण अधिकाऱ्यांच्या तीन बदल्या होईतो लटकत राहिलं, त्यांना आता दुसऱ्याच्या घरचा लाइट तासभर लोंबलेला बघवत नाही. पण सवय जात नाही. बटरफ्लाय आणायचा तरी आधी जागेची पाहणी, मग टिपण, मग काकूंचं अनुमोदन. काकू अनुमोदन देतात, कारण तेवढा वेळ ते घराबाहेर असतात.

त्यांचा कस लागला तो बारशाला. वरच्या मजल्यावरच्यांना नात झाली. आजीचा हट्ट, पाळणा टांगलाच पाहिजे; स्टँडचा पाळणा म्हणजे दुकानातली वस्तू. सीलिंगवाला मिस्त्री म्हणाला, "को खाँ काका, चार बटरफ्लाय लगा देते हैं." काका असे काही बघत राहिले की त्याने ड्रिल पिशवीत ठेवलं. हलणारा जीव बोर्डाला टांगायचा नाही, सेक्शनलाही नाही. सेक्शनचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. जीव टांगायचा तो स्लॅबलाच. आणि स्लॅबचा हूक दिवाणखान्यात एकच होता. त्याला पंखा होता.

पंखा उतरला. काकांनी आत हात घालून हूक चाचपला, दोरीला स्वतः लोंबकळून पाहिलं (काकूंनी डोळे झाकले) आणि मंजुरी दिली. मे महिना, भोपाळ, खोलीत चाळीस माणसं. निमंत्रणपत्रिकांनी वारा घेत बायकांनी पाळणा म्हटला, आत्याने कानात नाव सांगितलं, "कुर्र" झालं. बाळ गाढ झोपलं. बाकी सगळे घामाने निथळत होते.

आजोबांनी रुमालाने मान पुसत हळूच विचारलं, "काका, बारसं झालं. पंखा परत कधी लावायचा?"

काकांनी पेढा तोंडात टाकला. "बाळ चालायला लागलं की. तोवर प्रकरण विचाराधीन."