वाटा घ्या, ताज्या ॲप्सचा!

विरार पश्चिमेच्या टॉवरांत हल्ली मॅकबुकं ईएमआयवर सुखाने नांदू लागली आहेत. घरातली मंडळी त्याला लॅपटॉप म्हणत नाहीत, ‘मॅक’ म्हणतात. म्हाताऱ्या आजीसुद्धा ‘मॅकवर चहा सांडेल रे’ म्हणून ओरडतात. इथवर सगळं ठीक असतं. पण लाखभराचं यंत्र हसत हसत घेणारा हा गृहस्थ पाचशे रुपयांच्या सॉफ्टवेअरपाशी आला, की त्याला एकदम महागाई आठवते. चार आण्याची कोंबडी न् बारा आण्याचा मसाला ही म्हण इकडे उलटी चालते. कोंबडी लाखाची, मसाला मात्र फुकट पाहिजे.

फुकट देणाराही कुणीतरी भाऊ भेटतोच. ‘हजारात सगळं टाकून देतो’ म्हणत तो खिशातून पेनड्राइव्ह काढतो. ॲपलने २०१२ साली मॅकमध्ये गेटकीपर नावाचा पहारेकरी बसवला, अनोळखी सॉफ्टवेअरला दारातच हटकण्यासाठी. भाऊ सगळ्यात आधी त्या पहारेकऱ्याला रजेवर पाठवतो. मग आत काय काय शिरलं, ते बँकेचा पासवर्ड गेल्यावर समजतं.

पापभीरू माणसं नोव्हेंबरची वाट पाहतात. दसऱ्याला सोनं, पाडव्याला टीव्ही आणि अमेरिकेतल्या ब्लॅक फ्रायडेला ॲप, असा नवा मुहूर्त आता रूढ झाला आहे. मॅकच्या सॉफ्टवेअरवरची मोठी सूट खरोखरच त्या सुमारास निघते. तेव्हाच ‘बंडल’ येतात, म्हणजे दहा ॲप्स एका किमतीत. विरारच्या बाजारात मावशी मासळीचा वाटा लावते ना, वर दोन झकास पापलेटं आणि खाली बारीकसारीक, तोच हा प्रकार. वर एक नावाजलेलं ॲप, खाली चंद्राची कला दाखवणारं, फाइलींच्या चिन्हांना रंग देणारं आणि आपण दिवसाला किती शब्द टाइप केले ते सांगणारं. फरक एवढाच, की ‘मावशी, मूठभर कोलंबी वर टाक’ असं तिला म्हणता येतं. डॉलरला मावशी म्हणता येत नाही. उलट तोच वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क आणि बऱ्याचदा १८ टक्के जीएसटी टाकतो. शिवाय ‘एकदाच पैसे, आयुष्यभर वापर’ हे लिहिलेलं असतंच. आयुष्य ॲपचं धरायचं, आपलं नाही. पुढची मोठी आवृत्ती आली की त्याचा पुनर्जन्म होतो आणि पाकीट पुन्हा आपण काढतो.

एवढं करून घेतो काय, तर प्रॉडक्टिव्हिटी. आमच्या लोकलच्या डब्यातल्या एका गृहस्थांकडे कामांच्या याद्या करणारी चार ॲप्स आहेत, चारही सवलतीत घेतलेली. ‘घरपट्टी भरणे’ हे काम पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं इमानाने स्थलांतर करत आलं आहे. घरपट्टी अजून भरायचीच आहे, दंड तेवढा वाढला. पंचवीस मिनिटं एकाग्र काम आणि पाच मिनिटं विश्रांती असं शिकवणारं पोमोडोरोचं घड्याळही त्यांनी विकत घेतलं. विरारहून सुटलेली फास्ट पंचवीस मिनिटांनंतर थोड्याच वेळात बोरिवलीला येते, आणि तिथे चढणारे लोक विश्रांतीचा प्रश्न कायमचा निकालात काढतात.

याच गृहस्थांनी वीजबिल आणि आधार एका पीडीएफमध्ये जोडायला पैसे मोजून ॲप घेतलं होतं. मॅकमधल्या प्रिव्ह्यूमध्ये दोन्ही फाइली उघडा, बाजूला पानांची छोटी चित्रं दिसतील, एकाचं पान उचलून दुसऱ्यात सोडा, जोडलं. सहीसुद्धा तिथेच करता येते. स्क्रीनचं चित्रीकरण क्विकटाइम करतं. पत्र, हिशेब आणि सादरीकरणासाठी पेजेस, नंबर्स, कीनोट आहेत. २०१७ पासून ती सगळ्यांना मोफत आहेत. तेही नको असेल तर लिबरऑफिस आहे. मराठीत सोसायटीची नोटीस देखणी हवी असेल, तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतो. पण फुकट आणि कायदेशीर असं दोन्ही असलं, की आपल्याला त्यात काहीतरी खोट आहे असं वाटत राहतं.

ज्या सोयीसाठी आज खिसा हलका करावासा वाटतो, ती पुष्कळदा ॲपलच नंतर फुकट देतं. खिडक्या स्क्रीनच्या कडेला नीट चिकटवायला लोकांनी वर्षानुवर्षं ॲप्स विकत घेतली. मॅकच्या २०२४ च्या सिकोया आवृत्तीत ती सोय आयती आली. कॉपी केलेल्या जुन्या मजकुराची यादी २०२५ च्या टाहोमध्ये आली. पाण्याच्या टँकरची वाट पाहण्यात हयात गेलेल्या आपल्या शहराला आणखी एखाद-दोन वर्षं थांबणं जड जाऊ नये.

सगळ्यात उपयोगी साधन मात्र रिझर्व्ह बँकेने दिलं आहे, आणि त्याला मॅकही लागत नाही. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीसाठी ऑक्टोबर २०२१ पासून नियम आहे, की पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं. आपण असं एक ॲप घेतलं होतं, याची पहिली आठवण कित्येकांना त्या संदेशानेच होते. तेव्हा येत्या नोव्हेंबरात वाटा उचलण्याआधी मोफत चाचणीचे दिवस पुरेपूर वापरा. आणि बँकेचा तो संदेश आला, तर न वाचता पुसू नका. रद्द करायला अजून एक दिवस असतो.