सातवं घर

मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, असं आमची आजी सांगायची. सातच का, पाच किंवा नऊ का नाहीत, हे आजीला विचारायची सोय नव्हती. आजीचे आकडे रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकासारखे असत, पाळायचे आणि गप्प बसायचं. म्हणून गेल्या मार्चमध्ये आमच्या डोंबिवलीच्या घरात, बाल्कनीतल्या बंद पडलेल्या वॉशिंग मशिनच्या मागे चार पिल्लं सापडली, तेव्हा मी आधी खाली जाऊन वॉचमनकडे चौकशी केली.

वॉचमनला सगळं माहीत होतं. भाटी बाळंत झाली मीटरच्या खोलीत. तिथून पिल्लं गेली कव्हर घातलेल्या फियाटखाली. त्या गाडीचे मालक अमेरिकेत असतात आणि गाडी कुठेच जात नाही, त्यामुळे जागा तशी बरी होती. मग जिन्याखालची लाकडी पेटी, मग पंपाची खोली, मग बंद दवाखान्याचा छज्जा, मग सोसायटीच्या ऑफिसमागे ठेवलेलं, थर्माकोलवर २०१८ साली बंदी यायच्या आधीचं गणपतीचं मखर. मी बोटं मोडली. सहा. म्हणजे आमचं सातवं. तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला बेरीज जुळल्यावर जो निर्मळ आनंद होतो, तो मला त्या जिन्यात झाला. वर येऊन हिला म्हटलं, "सहा घरं नापास करून ती आपल्याकडे आलीय." ही म्हणाली, "आता बशीत दूध घाला, कौतुक नंतर करा."

दूध घातलं. ते चुकलं.

हे मला फोनवरून कळलं. आमच्या भागातल्या एका प्राणी निवाऱ्याचा नंबर भाचीने दिला होता. तिथल्या ताई आवाजावरून जेमतेम पंचविशीतल्या वाटत होत्या आणि मला काका म्हणत होत्या, पण सूर माझ्या पहिल्या शाखाधिकाऱ्याचा होता. "काका, गाईचं दूध अजिबात नको. पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतील." मी बशीकडे पाहत राहिलो. डोळे मिटून दूध पिणारं मांजर, दुधावरची साय, शिंक्यातलं लोणी… मराठी भाषेचा अर्धा संसार ज्या दुधावर चालला आहे, ते जुलाबाचं निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पिल्लं घेऊन निवाऱ्यात जायचं ठरवलं. पिल्लं तीनेक आठवड्यांची असावीत. डोळे उघडून बरेच दिवस झालेले, चाल मात्र अजून रविवारी दुपारी हॉटेलातून बाहेर पडणाऱ्या माणसासारखी. भाजीच्या प्लास्टिकच्या टोपलीत जुनी चादर घातली, वर दुसरी टोपली उपडी ठेवून सुतळीने बांधली आणि रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "मांजर आहे काय?" म्हटलं, हो. तो थोडा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "आडवं गेलं की थांबतो आपण. हे तर आतच बसलंय, आडवं जाणार कुठून?" आणि कल्याण-शीळ रस्त्यापर्यंत कुठेही न थांबता त्याने आम्हांला नेलं. एका सिग्नललासुद्धा नाही, हे मात्र मला पटलं नाही.

निवारा म्हणजे पत्र्याच्या दोन लांब शेड. एकीत कुत्री, दुसरीत मांजरं, मध्ये औषधांची खोली आणि एका पातेल्यात शिजणारं चिकन. दाराशी तीन पायांचा एक बोका पहुडला होता. त्याने मला नीट न्याहाळलं आणि पुन्हा डोळे मिटले. ताईंनी टोपलीत डोकावून विचारलं, "आई कुठंय?"

"घरी."

"काका, आईला सोडून पिल्लं आणलीत?"

मला वाटत होतं, निवाऱ्यात पिल्लू देणं हे मुदत ठेव भरण्यासारखं असतं. काउंटरवर ठेवायचं, पावती घ्यायची, निघायचं. ताईंनी समजावून सांगितलं की मुळात तिथे जागाच नाही. जागा असती तरी इतकी लहान पिल्लं तिथे ठेवणं धोक्याचं, कारण मांजरांचा एक पार्व्हो असतो, तो लस न टोचलेल्या पिल्लांना दोन दिवसांत संपवतो. आठ आठवड्यांपर्यंत आईजवळच राहू द्यायची. मग पहिली लस, जंतांचं औषध, तीन-चार आठवड्यांनी दुसरी लस आणि मग घरं. "तोवर फॉस्टर तुम्ही." भाटीचीही नसबंदी करायची, पण पिल्लांचं दूध तुटल्यावर. मात्र त्यात फार उशीर नको, कारण अंगावर पाजत असतानासुद्धा तिला पुन्हा दिवस जाऊ शकतात. नऊ आठवड्यांत पुढची खेप, आणि या खेपेतल्या मुली पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की त्यांच्याही. चक्रवाढ व्याज मी आयुष्यभर लोकांना समजावलं, पण अंगावर काटा आला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

थोडक्यात, मी चार पिल्लं घेऊन गेलो आणि चार पिल्लं, एक पिशवी ड्रायफूड आणि सूचनांचा एक कागद घेऊन परत आलो. आम्ही बँकेत लोकांना अगदी असंच घरी पाठवायचो.

बाल्कनीत भाटी येरझाऱ्या घालत होती. टोपली उघडताच तिने एकेकाची मान तोंडात धरली आणि वॉशिंग मशिनमागे नेऊन ठेवलं. मानेला धरलं की पिल्लू हातपाय पोटाशी घेऊन गप्प लोंबकळतं. रामानुजांच्या परंपरेत पुढे दोन पंथ पडले, ते याच दृश्यावरून ओळखले जातात. वडकलै म्हणतात, भक्ताने माकडाच्या पिल्लासारखं देवाला घट्ट धरून राहावं. तेन्कलै म्हणतात, मांजरीच्या पिल्लासारखं स्वतःला सोडून द्यावं, उचलायचं काम देवाचं. हा मार्जारन्याय कॉलेजात मार्कांपुरता पाठ केला होता. त्या संध्याकाळी तो चार वेळा माझ्यासमोरून गेला. त्यानंतर तासभर तिने चौघांना चाटून रिक्षाचा वास काढला. अधूनमधून माझ्याकडे पाहत होती. क्षमा केली होती असं म्हणवत नाही.

खरी पंचाईत स्वयंपाकघरात होती. मांजराला मांसाहार लागतोच, त्याशिवाय त्याचे डोळे आणि हृदय बिघडतं. आमच्या घरात अंडंसुद्धा केकच्या आडून येतं. बुधवारी आणि रविवारी आमच्या जिन्यातून एक मावशी मासळीची टोपली घेऊन वर जाते. बावीस वर्षांत ती आमच्या दाराशी कधी थांबली नव्हती. हिनेच तिला हाक मारली. मावशीने टोपली टेकवली आणि विचारलं, "आता खायला लागलात होय?"

"आम्ही नाही. पाहुणे आलेत."

"पाहुण्यांना काय, पापलेट?"

पाहुणे दाखवल्यावर तिने मूठभर मांदेली पैसे न घेता दिली. त्यासाठी वेगळं पातेलं, वेगळा चमचा, बाल्कनीत वेगळी शेगडी. मीठ नको, मसाला नको. कांदा-लसूण तर मांजराला विषच. हे वाचून हिचं मन बरंच हलकं झालं. बारा महिने चातुर्मास पाळणारा प्राणी आहे म्हणाली.

सोसायटीच्या सभेत विषय निघायचा तो निघाला. सेक्रेटरी म्हणाले, आज चार आहेत, उद्या चाळीस होतील. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, पण नसबंदी करून आणतो म्हटल्यावर ते म्हणाले की हे नियमात बसत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने सांगितलं, प्राणिमात्रांवर दया करणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ पासून राज्यघटनेत आहे. सेक्रेटरींनी घटना इतिवृत्तात लिहून घेतली आणि चहा मागवला.

आठ आठवडे झाल्यावर निवाऱ्याने पिल्लांची नावं ठेवली. प्रत्येक खेपेला त्यांचा एक विषय असतो, म्हणजे कागदपत्रांत घोळ होत नाही. आधीची खेप नद्यांची होती, आमच्या वाट्याला मिसळणाचा डबा आला. नारिंगी बोका हळद, पट्टेदार ते जिरं, काळी मोहरी, आणि तीनरंगी ती गरम मसाला, लाडाने मसाला. फोटो निघाले आणि स्थळं येऊ लागली.

येणाऱ्याने चार पानी फॉर्म भरायचा. घर स्वतःचं की भाड्याचं, घरमालकाची संमती, खिडक्यांना जाळी आहे का, गावाला गेलात तर मांजर कोण बघणार, बदली झाली तर काय. मी कर्जाचे अर्ज तपासून निवृत्त झालेला माणूस. जामीनदाराचा रकाना नाही, एवढीच उणीव मला दिसली. मग 'होम चेक', म्हणजे घर पाहायला जाणं. ताई मला सोबत नेत. आम्ही मुलीकडचे, आणि कधी नव्हे तो रुबाब मुलीकडच्यांचा. ते पोहे द्यायचे, ताई पोहे खाऊन उठायच्या आणि खिडकीची जाळी बोटाने दाबून पाहायच्या. चौदाव्या मजल्यावरचं एक सुखवस्तू कुटुंब केवळ जाळीवरून नापास झालं. एका गृहस्थांना तीनरंगीच हवं होतं, पण बोका. ताईंनी सांगितलं की तीन रंग जवळजवळ नेहमी मादीतच येतात. त्यांनी "दुसऱ्या ठिकाणी चौकशी करतो" म्हणून पाहिलं. अजूनही शोधत असावेत.

मसाला आणि जिरं लगेच गेली. हळदही गेला आणि नवव्या दिवशी परत आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'रात्री पळतो.' मला त्या लोकांचा राग आला, आणि जरा वेळाने त्यांची दयाही आली. मांजर रात्री पळणार हे आम्ही फॉर्ममध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. मोहरीला तर कोणी विचारीना. काळं मांजर लोक फोटोत पाहतात आणि पुढे सरकतात. उजेडच पुरत नाही, फक्त दोन डोळे येतात. जूनपर्यंत ती दोघंच उरली आणि एकाच उशीवर झोपू लागली. शेवटी कल्याणच्या एका निवृत्त शिक्षिकाबाई आल्या. फॉर्म त्यांनी लाल पेनाने भरला. दोघांकडे पाहून म्हणाल्या, "एकाला नेलं तर दुसरं मला रात्रभर शाप देईल. मला तशीही झोप नसते, पळू देत." त्यांच्या खिडक्यांना जाळी होती. पोहेही चांगले होते.

भाटीची शस्त्रक्रिया मेमध्येच झाली होती. पाच दिवस निवाऱ्यात राहून ती परत आली, तेव्हा डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं होतं. नसबंदी झाल्याची ती खूण, म्हणजे पुन्हा कोणी पकडून नेत नाही. मी पिंजऱ्याचं दार आमच्या बाल्कनीत उघडलं. हिने मांदेली वाढून ठेवली होती. भाटीने मांदेली खाल्ली, वॉशिंग मशिनमागे एकदा जाऊन आली, कठड्यावर चढली आणि गेली. संध्याकाळी फियाटच्या टपावर बसलेली दिसली. मी शुकशुक केलं. तिने कापलेला कान तेवढा माझ्याकडे वळवला.

परवा गणपतीच्या तयारीला सगळे खाली जमले होते. मखर बाहेर काढलं तर आत मांजराचे केस निघाले, आणि मी सात घरांची गोष्ट सांगितली. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "हो, आमच्या मोरीतही होती दोन दिवस. सातवं घर आमचंच, मी मोजलं होतं." तिसऱ्या मजल्यावरची मुलगी म्हणाली की तिच्या गच्चीच्या जिन्यावर होती, तेही सातवंच. इस्त्रीवाल्याने त्याच्या चादरींच्या गठ्ठ्याचा दावा मांडला. सेक्रेटरी बराच वेळ पताका उलगडत होते. मग कोणाकडेही न पाहता म्हणाले, "आमच्या बाल्कनीत तीन रात्री होती. गारठा होता, म्हणून मी जुनी शाल टाकली होती. सभेत बोललो नाही."

वर येऊन मी कागदावर सगळी घरं तारीखवार लावली. एकूण अकरा भरली, आणि आमचा नंबर अकरावा. हिला अजून सांगितलेलं नाही.