जवानाचा फोटो हवा, गाऱ्हाणं नको

ऑक्टोबर 2019. 21 तारखेला विधानसभेचं मतदान, 24 ला मोजणी. कोपरगावात काळे की कोल्हे, याशिवाय दुसरा विषय नव्हता. नेमक्या त्याच धामधुमीत जम्मूतल्या नौशेरा सेक्टरमधून बातमी आली. दहेगाव बोलक्याचे नायब सुभेदार सुनील वलटे धारातीर्थी पडले.

मोजणीत आशुतोष काळे 822 मतांनी जिंकले. हा आकडा तालुक्यात कोणालाही झोपेतून उठवून विचारा, चुकणार नाही.

वलटे गेले ती तारीख किती जण सांगतील?

यात वाचकाचा दोष नाही. जे पुन्हा पुन्हा छापून येतं ते लक्षात राहतं. मताधिक्याचं विश्लेषण पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरतं. जवानाची बातमी तीन दिवसांची. पहिल्या दिवशी फोटो, दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा आणि मानवंदना, तिसऱ्या दिवशी उपस्थित मान्यवरांची यादी.

त्या यादीत एखादं नाव राहून गेलं, की बातमीदाराला फोन येतो. कुटुंबाची पेन्शन सुरू झाली का, हे विचारायला कोणाचाच येत नाही.

वर्तमानपत्रं निदान तीन दिवस थांबतात. वाहिन्यांना तेवढीही उसंत नाही. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू असताना एका रात्रीत कराची बंदर उद्ध्वस्त झालं, इस्लामाबाद पडलं, असं काही वाहिन्यांनी ओरडून सांगितलं. सकाळी दोन्ही शहरं जागेवर होती. ज्या घरातला मुलगा त्या रात्री सीमेवर होता, ते घरही तोच टीव्ही बघत होतं. त्या आईला खरी बातमी कळण्याचा हक्क नाही?

माफी मागायला मात्र बहुतेकांना वेळ नव्हता. पुढची ब्रेकिंग न्यूज आली होती.

हा रोग जुना आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या गेल्या. सीमेपलीकडचे सूत्रधार तेच प्रक्षेपण बघून हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. 2012 च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना यावरून खडसावलं. अशा कारवायांच्या थेट प्रक्षेपणावर नियमाने बंदी यायला 2015 उजाडलं.

जवानाचा जीव धोक्यात घालायचा आणि वर त्याच्याच शौर्याचे गोडवे गायचे. याला देशभक्ती कोणी म्हणावं?

खरी परीक्षा जवान बोलतो तेव्हा होते. आपल्या शेजारच्या देवळालीत 2017 साली ती झाली. अधिकाऱ्यांच्या घरची कामं जवानांना करावी लागतात, कुत्री फिरवावी लागतात, मुलांना शाळेत सोडावं लागतं. सहायक पद्धतीतला हा गैरप्रकार एका वृत्तसंकेतस्थळाने छुप्या कॅमेऱ्याने टिपला. विषय महत्त्वाचाच होता. पण छुप्या कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्याला आपण बातमीत आहोत, हे ठाऊक नसतं.

त्यात दिसलेला केरळचा एक तरुण जवान बातमीनंतर काही दिवसांत, 2 मार्चला देवळालीच्या छावणीत मृतावस्थेत सापडला.

पत्रकारावर गुन्हा दाखल झाला. एप्रिल 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. गैरप्रकार उघड करणारा गुन्हेगार ठरू नये, हे बरोबरच. पण कायद्याने सुटका झाली म्हणून पत्रकारितेची जबाबदारी संपते का? ज्याच्या तोंडून बातमी वदवली, त्याच्यावर दुसऱ्या दिवशी काय गुदरेल, याचा विचार आधी करायचा असतो.

आणि सहायक पद्धत? तिच्यावरची चर्चा काही दिवसांत विझली.

आता अग्निवीर घ्या. 2022 मध्ये योजना आली. चार वर्षं नोकरी, त्यातले फार तर पंचवीस टक्के पुढे कायम, पेन्शन नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये बुलढाण्याचा अग्निवीर अक्षय गवते सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. प्रश्न सरळ होता. त्याच हिमनदीवर तसाच मृत्यू आलेल्या नियमित जवानाच्या कुटुंबाला पेन्शन, मग अग्निवीराच्या कुटुंबाला का नाही?

चर्चा रंगली ती कोणता नेता खोटं बोलतोय यावर. किती रक्कम मिळणार, हे शेवटी लष्करालाच पत्रक काढून सांगावं लागलं.

कोपरगाव तालुक्यात आजही पोरं पहाटे रस्त्याच्या कडेने धावतात. सोळाशे मीटरची वेळ कशी कमी करायची, मेडिकलला काय बघतात, एवढंच त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. चार वर्षांनी चौघांतले तिघे घरी येणार. त्यांनी साखर कारखान्याच्या गेटवर उभं राहायचं, की पुन्हा दुसऱ्या भरतीच्या रांगेत? ही बातमी कोण करणार?

ती करायला सीमेवर जावं लागत नाही. दहेगावापर्यंत गेलं तरी पुरे.

म्हणून मागणी साधी आहे. जिल्ह्यातला जवान गेला, की प्रत्येक वृत्तपत्राने त्याची तारीख लिहून ठेवावी. वर्षाने त्या घरी जावं. जाहीर झालेली मदत मिळाली का, मुलांच्या शिक्षणाचं काय झालं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किती खेटे घालावे लागले, हे विचारावं. जे कळेल ते पहिल्या पानावर छापावं, अंत्ययात्रेच्या फोटोला दिली होती तेवढ्याच जागेत.

जवानाला सलाम ठोकायला बातमीदार लागत नाही. त्याची फाईल कोणत्या टेबलावर अडली, हे शोधायला लागतो.