डबल बेल

पटकथा विकायला पहिल्यांदा मुंबईला गेलो तेव्हा पिशवीत ११८ पानांच्या पाच प्रती होत्या. परत आलो तेव्हाही पाचच. फक्त एकीवर चहाच्या कपाचा गोल डाग पडला होता. माझ्या लेखनाची अंधेरीत घेतली गेलेली तेवढीच दखल.

बँकेत एकतीस वर्षं कर्जप्रकरणं तपासल्यामुळे कल्पित वाङ्मयाचा माझा व्यासंग दांडगा होता. साताऱ्यात ज्याच्याकडे एक म्हैस नाही, त्याच्या अर्जातल्या दहा म्हशी मी डोळ्यांसमोर उभ्या केल्या आहेत. तेव्हा निवृत्तीनंतर पटकथा लिहायला घेतली, यात नवल नव्हतं. गोष्टही हाताशी होती. एसटीचा एक कंडक्टर. नोकरीतली शेवटची फेरी, स्वारगेट ते सातारा. गाडीत एक म्हातारा चढतो आणि बावीस वर्षांपूर्वीचं तिकीट पुढे करतो. सुट्टे नव्हते म्हणून याच कंडक्टरने तिकिटामागे लिहून दिलेलं असतं : बाकी साडेतीन रुपये. नाव ठेवलं ‘डबल बेल’.

मग रीतसर शिकावं म्हणून सिड फील्डचं ‘स्क्रीनप्ले’ आणलं. १९७९ सालचं हे अमेरिकन पुस्तक म्हणजे या धंद्याचं पंचांग. पटकथा साधारण १२० पानांची. पहिली तीस मांडणी, मधली साठ संघर्ष, शेवटची तीस सोक्षमोक्ष. पंचविसाव्या पानाच्या आसपास नायकाच्या आयुष्याने वळण घ्यायलाच हवं. माझा नायक पंचविसाव्या पानावर खंबाटकी घाटात होता. वळणांची ददात नव्हती.

अडचण वेगळीच निघाली. प्रत्येक प्रसंगाच्या माथ्यावर तो आत घडतो की बाहेर, हे लिहावं लागतं : इंटिरिअर की एक्स्टिरिअर. आता शनिवारी संध्याकाळी स्वारगेटहून सुटलेल्या लाल गाडीच्या दारात जो माणूस अर्धा लटकतो आहे, तो नेमका कुठे? दोन दिवस अडलो. शिवाय एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा हिशेब इंग्रजी कुरिअर टंकातला, बारा पॉइंटचा. मराठी अक्षर वेलांट्या-उकार घेऊन ऐसपैस बसतं. आमच्या कंडक्टरने नुसतं ‘पुढे सरका’ म्हटलं तरी पान पुढे सरकायचं.

लिहून झाल्यावर चोरीची भीती वाटू लागली. अजून कुणी वाचलेलं नसताना ही भीती वाटते, हे खऱ्या लेखकाचं लक्षण असावं. पटकथाकारांच्या संघटनेत संहिता नोंदवता येते, ती नोंदवली आणि कायदा वाचायला बसलो. ते करायला नको होतं. आर. जी. आनंद नावाच्या नाटककाराने, आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट उचलला म्हणून दावा लावला होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नुसत्या कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो. मग २०१५ साली ‘देसी बॉइज’च्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं, नुसत्या नावावरही नसतो. म्हणजे कल्पना माझी नाही, नाव माझं नाही. माझं ते फक्त मधलं, ११८ पानं भरून जे लिहिलं ते.

आणि या धंद्यात मधलं कुणी वाचत नाही. इथे ‘नॅरेशन’ द्यायचं असतं. समोर बसून गोष्ट सांगायची, हातवाऱ्यांसकट. ‘शोले’ म्हणे चार ओळींच्या कल्पनेवर ठरला. पण त्या चार ओळी सांगणारे सलीम-जावेद होते. मी ‘आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे’ एवढंच वाक्य आत्मविश्वासाने म्हणू शकणारा माणूस.

शेवटी आमच्या नानाकाकांकडे गेलो. वय शहाऐंशी, हयात कीर्तनात गेलेली. माझं नॅरेशन त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं रंगले. झोपले होते. जागे होऊन म्हणाले, “अरे, तुझा पूर्वरंगच तासभर चाललाय. आख्यान कधी लावणार? मध्यंतराला बुवाच्या कपाळी बुक्का लागतो, गळ्यात हार पडतो, तोवर माणसं बसून राहिली पाहिजेत. आणि एक ध्यानात ठेव, आरतीचं ताट शेवटी फिरतं. मधेच उठून गेलेला पैसा टाकत नाही.” सिड फील्डला जे सांगायला अख्खं पुस्तक लागलं, ते नानांनी सुपारी कातरता कातरता उरकलं.

अंधेरीतला पहिला निर्माता म्हणाला, “वनलाइन सांगा.” मी सांगितली. “साडेतीन रुपयांवर पिक्चर? निदान साडेतीन कोटी करा की!” साडेतीन कोटी सुट्टे नाहीत म्हणून कोणता कंडक्टर तिकिटामागे लिहून देईल, हे विचारेपर्यंत त्यांचा फोन वाजला. चहाचा डाग तो हाच. दुसऱ्यांनी मात्र पूर्ण ऐकलं, डोळेही पुसले, आणि सरकारी अनुदान यात बसेल का, एवढंच विचारलं. ते मूळचे बिल्डर. मला एकदम बँकेत बसल्यासारखं वाटलं.

घरी बायकोची एकच चौकशी. “पोस्टरवर नाव येणार ना तुमचं?” तिला ‘जंजीर’चा किस्सा सांगितला. १९७३ साली पोस्टरवर लेखकांची नावं नव्हती, तेव्हा सलीम-जावेदनी म्हणे माणूस धाडून मुंबईभरच्या पोस्टरांवर ती रंगवून घेतली. ती म्हणाली, “आपल्याकडे गेटाला लावलेला हिरवा ऑइलपेंट उरलाय.”

तिसरे निर्माते कोथरूडचे. नॅरेशन सुरू करण्याआधी नाव सांगितलं आणि त्यांनी हात वर केला. “थांबा. ‘डबल बेल’? वा! आमच्याकडे एका फ्लॅटमध्ये राहणाऱ्या दोन जावांची कॉमेडी तयार आहे, नावच मिळत नव्हतं. देता का?”

“आणि गोष्ट?”

“गोष्ट ठेवा ना तुमच्याकडेच.”

नावावर हक्क नसतो हे त्यांना माहीत होतं. मला माहीत आहे, हेही त्यांना माहीत होतं. तरी “फुकट नको, लेखकाचे तळतळाट लागतात,” म्हणत त्यांनी एक हजार एक रुपयांचं पाकीट हातात ठेवलं. मी ते घेतलं. बाणेदार नकार सिनेमात शोभतो आणि माझा सिनेमा कुणी घेतला नव्हता.

स्वारगेटहून लाल गाडी पकडली. कंडक्टरला पाचशेची नोट दिली. सुट्टे नव्हते, त्याने तिकिटामागे बाकी लिहून दिली. मग वर हात करून दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग. मी खिशातलं पाकीट चाचपलं. त्या आवाजाचे हक्क दुपारीच कोथरूडला गेले होते, पण त्याला ते कुठे माहीत होतं.