केबीत करून मिळेल

स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं महिन्यापूर्वी नवी पाटी लावली. 'येथे फोटो, सही, अंगठा केबीत करून मिळेल. ३० रु.' आणि खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं, 'वाढवून पण मिळेल.'

कमी करून मिळतं, हे मला समजतं. दूधवाला करतो, सोनार करतो, संपादक माझ्या लेखाचं करतात. पण वाढवून? त्या शब्दापाशी मी जो अडकलो, तो अजून तिथेच आहे.

झालं असं, की भाचीनं नोकरीचा फॉर्म भरायला घेतला. कुठली नोकरी, कुठलं खातं हे विचारू नका; गेल्या वर्षभरात तुमच्या घरात जो भरला गेला, तोच. नाव भरलं, प्रवर्ग भरला, कायमचा पत्ता भरला. 'तात्पुरता पत्ता वरीलप्रमाणे' या चौकटीत टिचकी मारली तसा कायमचाही पुसला गेला, तो पुन्हा भरला. मग फोटो. 'आकार किमान २० केबी, कमाल ५० केबी.'

फोन हल्ली फोटो काढतो तीन-चार एमबीचा, म्हणजे तीन-चार हजार केबी. भाचीनं तो कुठल्याशा फुकट साइटवर टाकून पिळला. निघाला ६३. आणखी पिळला. निघाला १७. तिसऱ्या खेपेला फोनवर आकडा उमटला, २०.२. बहिणीनं स्वयंपाकघरातून 'झालं का गं?' म्हणून विचारलं, भाची 'झालं' म्हणाली आणि तिनं फोटो चढवला. लाल अक्षरांत उत्तर आलं, 'फोटोचा आकार २० केबीपेक्षा कमी आहे.'

"मामा, वीस पॉइंट दोन हे वीसपेक्षा कमी असतात का?"

मी कॉमर्सचा. म्हटलं, जीएसटी कापून धरत असतील.

उलगडा झेरॉक्सच्या दुकानातल्या पोरानं केला, तोही मान न वळवता. "काका, तुमचा फोन हजाराचा केबी मोजतो. त्यांचा सर्व्हर एक हजार चोवीसचा." म्हणजे फोनच्या हिशेबानं २०.२ केबी हे २०,२०० बाइट. सर्व्हरच्या हिशेबानं वीस केबी म्हणजे २०,४८०. पोरगी २८० बाइटांनी नापास. हा दोन मापांचा घोळ जुनाच. तो मिटावा म्हणून १९९८ मध्ये १०२४ च्या मापाला 'किबीबाइट' असं वेगळं नावसुद्धा ठेवून झालं. बारसं झालं, पण त्या नावानं हाक मारलेली मी एकाही फॉर्मवर पाहिली नाही. आठवडी बाजारात कुणी हजार ग्रॅमचा एक किलो आणि १०२४ ग्रॅमचा दुसरा किलो असे दोन तराजू घेऊन बसला, तर तराजूसकट उचलून नेतील त्याला. इथे तराजू दोन आहेत, हेच गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.

आता २८० बाइट म्हणजे किती? देवनागरीतलं एकेक चिन्ह संगणकात साधारणपणे तीन बाइट खातं. अक्षराचे तीन, कान्याचे तीन, अनुस्वाराचे तीन. म्हणजे नव्वद-पंच्याण्णव चिन्हं. मराठीत एक बरीशी शिवी जरा रंगवून दिली, की संपले २८० बाइट. तेवढ्यावरून पोरीला कळवण्यात आलं, की तुझा फोटो अशक्त आहे.

मग वजन वाढवायचं कसं? पोरानं फोटोकडे निरखून पाहिलं. मागे पांढरी भिंत, अंगात फिकट कुर्ता, केस चापूनचोपून बांधलेले. म्हणाला, "ताई, चौकडीचं काही नाही का घरी?"

मला वाटलं, टवाळी करतोय. नव्हता करत. जेपीजी फोटो साठवताना त्याचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात कुठे काय बदलतंय तेवढं लिहून ठेवतात. कोऱ्या भिंतीच्या चौकोनात काहीच बदलत नाही, म्हणून लिहायला काही नाही, म्हणून वजन नाही. वजन असतं रेघांना, चौकड्यांना, नक्षीला, विस्कटलेल्या केसांना. आणि फॉर्मवरची पुढची अट काय? 'पार्श्वभूमी पांढरी व कोरी असावी.' सकाळी उपास घडवायचा आणि दुपारी वजनकाट्यावर उभं करून विचारायचं, का हो, भरत का नाही?

दुकानात आतल्या खुंटीला खरोखरच एक चौकडीचा शर्ट टांगलेला होता. पूर्वी फोटो स्टुडिओत असाच एक कोट आणि हुकाचा टाय असे. अख्ख्या तालुक्याची लग्नं त्या एका कोटावर जमली. त्या कोटाच्या गादीवर आता ही चौकडी. एकदा हे कळल्यावर माझं डोकं थांबेना. पैठणीचा पदर दोन्ही खांद्यांवरून पुढे घेतला, तर बाई नुसत्या मोरांवर पात्र ठरेल. इरकलीला काठापुरते गुण. दाढीवाल्याला दाढीचा भत्ता. कुरळ्या केसांचा माणूस जन्मतःच पाच केबी पुढे. आणि डोक्याला तुळतुळीत टक्कल, गुळगुळीत दाढी, अंगात पांढरा सदरा, मागे पांढरी भिंत असा एखादा सज्जन असेल, तर त्यानं सरळ शेती बघावी. यंत्राच्या मते तो फोटोत आलेलाच नाही. उद्या क्लासवाले 'चालू घडामोडी'च्या जोडीला 'केबीवर्धक पेहराव' हा विषय सुरू करतील, त्याची वेगळी फी लावतील, तिसऱ्या बॅचला गाइड निघेल. स्थळंसुद्धा तशीच सांगून येतील : मुलगी पदवीधर, उंची पाच-तीन, वजन पन्नास, फोटो बत्तीस.

ही खालची मर्यादा कशाला, असं विचारलं तर उत्तर तयार असतं : फोटो स्पष्ट यावा म्हणून. केबीत स्पष्टपणा मोजता येत नाही हो! संध्याकाळी जिन्यातल्या मिणमिणत्या बल्बखाली काढलेल्या फोटोवर दाणे दाणे येतात. यंत्राला प्रत्येक दाणा म्हणजे बदल वाटतो, तो ते इमानानं लिहून ठेवतं, आणि असा मातकट फोटो उजेडात काढलेल्या स्वच्छ फोटोपेक्षा जड भरतो. रद्दीवालाही वजनावरच घेतो (हे सदर रविवारी त्याच्याच काट्यावर जाणार आहे), पण तो गठ्ठ्यात हात घालून बघतो आणि पाणी मारलेली रद्दी बरोबर ओळखतो. पोर्टल ओळखत नाही.

हे मी उगाच म्हणत नाही, करून पाहिलं. चौकडीचा शर्ट घालायला भाचीनं नकार दिला. तो शेवटचा कधी धुतला, हे पोरालाही आठवेना. तेव्हा त्यानं दुसरं औषध काढलं. जेपीजी फाइलमध्ये चित्राखेरीज शेऱ्यासाठी एक कप्पा असतो. त्यात काहीही लिहा, फोटोतला ठिपकाही इकडचा तिकडे होत नाही, फाइल मात्र जड होते. "काय लिहू, काका?" मी सांगत गेलो, तो टंकत गेला. ज्या कुणी ही खालची मर्यादा ठरवली त्याच्या बुद्धीविषयी, ती बुद्धी जिथे घडली त्या शाळेविषयी आणि त्याला बढती देणाऱ्या साहेबांविषयी अडीच ओळी. फोटो तोच, चेहरा तोच, कुर्ता तोच. चढवला. हिरव्या अक्षरांत उत्तर आलं, 'फोटो ग्राह्य.' भाचीच्या चेहऱ्यात जे कमी पडत होतं, ते माझ्या शिव्यांनी भरून निघालं.

मग सही. पांढरा कागद आणि त्यावर एक वळवळ, तिला म्हणे १० ते २० केबी भरायचं. तिथे वेगळीच अडचण निघाली : 'फाइलचा प्रकार अमान्य.' फाइलच्या नावामागे जेपीईजी होतं, त्यांना जेपीजी पाहिजे होतं. दोन्ही एकच. जुन्या यंत्रांना फाइलचं आडनाव तीन अक्षरांपेक्षा लांब चालत नसे म्हणून मधला 'ई' गळाला, एवढीच भानगड. ती यंत्रं भंगारात गेली, नियम अजून पेन्शन खातोय. सहीचं आडनाव बदलून आणेपर्यंत पडद्यावर 'सेशन एक्स्पायर्ड'. कायमचा पत्ता पुन्हा एकदा भरला. आता आम्हा सगळ्यांना तो पिनकोडसकट पाठ आहे.

वरच्या मर्यादेला एके काळी अर्थ होता. मोडेम किरकिरत लागायचा त्या दिवसांत, ५६ केबीपीएसच्या लाइनवर, ५० केबीचा फोटो चढायला सगळं सुरळीत असेल तर दहा-बारा सेकंद लागत. आज त्याच लाइनीत उभं असलेलं पोरगं फॉर्म भरता भरता क्रिकेटची मॅच बघतं. जागा नाही म्हणावं, तर हिशेब करा : दहा लाख उमेदवार धरले आणि प्रत्येकाचे ५० केबी, तर झाले ५० जीबी. नखाएवढ्या मेमरी कार्डात मावतात. जरा ऐसपैस, ५०० केबी दिले, तरी सगळा जिल्हा-तालुका एका साध्या लॅपटॉपच्या डिस्कवर बसतो.

आणि ज्या पोर्टलवर उमेदवाराला ही मुठीएवढी जागा, त्याच पोर्टलच्या पहिल्या पानावर एक फोटो आहे. उद्घाटनाचा. मान्यवर, फीत, तबकात कात्री. पान उघडताना तो वरून खाली, पडदा सोडावा तसा हळूहळू उतरतो. मी तो उतरवून घेतला आणि मोजला. ६.२ एमबी! सव्वाशे उमेदवारांचं राशन एका उद्घाटनात. त्याच्याखाली गेल्या दोन वर्षांच्या सूचनांपुढे लुकलुकणारं 'नवीन', आणि तळाशी एक नारिंगी चौकोन, वेबफीडचा. नवी सूचना निघाली की ती आपोआप तुमच्यापर्यंत यावी, रोज पान उघडून बघायला लागू नये, म्हणून ही सोय १९९९ पासून जगात आहे, फुकट आहे. त्या चौकोनावर टिचकी मारली, तर 'पान सापडले नाही'. जाहिरात कधी निघाली हे कळायला म्हणून पोरं रोज सकाळी दात घासताना पोर्टल उघडतात, आणि दाढ येईपर्यंत मान्यवर उतरत असतात.

पाटीवरचा तिसरा शब्द परत वाचा. अंगठा. डाव्या अंगठ्याचा ठसाही याच मापात बसवायचा असतो. दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधार, सगळं. आणि झेरॉक्सवाल्यापर्यंत पोचायच्या आधी पोरं हे सगळं कुठे नेऊन पिळतात? 'फ्री', 'फास्ट', 'नो साइनअप' असं लिहिलेल्या कुठल्याही साइटवर. चालवतं कोण, कुठल्या देशातून, टाकलेली फाइल पुढे पुसतात की ठेवतात, काही ठाऊक नाही. वर-खाली जुगाराच्या जाहिराती आणि मध्ये 'आपली सही इथे सोडा'. चेहरा, सही, ठसा, ओळखपत्र. चोराला एकेक करून जमवायला वर्षं लागतील ते सामान आपली पोरं एका दुपारी स्वतःच्या हातानं, रांगेनं नेऊन देतात, कारण एका पोर्टलला फोटो लहान करून घ्यायचा कंटाळा आला. त्याला कष्ट काय होते? आजच्या कुठल्याही ब्राउझरमध्ये फाइल तुमच्या यंत्राबाहेर न जाऊ देता जागच्या जागी लहान करता येते. कॅनव्हास म्हणतात त्या सोयीला. वीसेक ओळींचं काम, तेही एकदाच. ते करायचं सोडून लाल अक्षरांत 'फोटोचा आकार कमी आहे' एवढं लिहिण्याचे पैसे कुणीतरी घेतले, कुणीतरी दिले, आणि मग सगळ्यांनी मिळून फीत कापली. ज्या मुलीनं तीन वर्षं अभ्यासिकेत बसून काढली, तिला परीक्षेआधीची पहिली परीक्षा ही, की तुझं तोंड २० ते ५० मध्ये बसतं का. पैसे भरून घेतात वर. फी कमी पडली, तर 'वाढवून पण मिळेल' असं त्यांनी कधी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

परवा प्रवेशपत्र आलं. भाचीनं ते स्टँडसमोरच छापून घेतलं. वर उजव्या कोपऱ्यात तिचा फोटो : टपालाच्या तिकिटाएवढा, शाई पसरलेला, कपाळ कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. बहिणीनं चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, ही कोण? शिव्यांच्या अडीच ओळी मात्र कागदावर उतरल्या नाहीत, त्या सर्व्हरवरच राहिल्या असाव्यात.

त्या फोटोशेजारी एक रिकामी चौकट आहे. तिच्यात छापलंय, 'येथे अलीकडचा पासपोर्ट आकाराचा फोटो चिकटवावा. सोबत आणखी दोन प्रती आणाव्यात.' पोरानं आठ फोटोंची शीट काढून दिली, साठ रुपये. डिंक घरून न्यायचा आहे.